मेमरी सीट अडली? मोटर बदलण्याआधी मीटर लावा

स्विच दाबला की ड्रायव्हरची सीट बोटभर सरकते आणि थांबते. सोडून पुन्हा दाबला की आणखी बोटभर. असं टुकटुक करत राहिलं की सीट कशीबशी हव्या त्या जागी पोचते, पण मेमरीचं, म्हणजे सेव्ह केलेल्या जागी सीट आपोआप नेणारं, १ नंबरचं बटण दाबलं तर ढिम्म. गॅरेजला गाडी नेली की बहुतेक वेळा दोनपैकी एक उत्तर मिळतं: "मोटर गेली" नाहीतर "मॉड्युल (सीट चालवणारा छोटा कॉम्प्युटर) गेलं". दुसऱ्या उत्तराची किंमत ऐकली की जुन्या गाडीतला सीटखालचा दांडाच बरा होता असं वाटायला लागतं.

खरं तर या लक्षणातच निम्मं निदान दडलेलं आहे. सीट बोटभर का होईना सरकते, आणि पुढे-मागे दोन्हीकडे सरकते. म्हणजे फ्यूज शाबूत आहे, जाड वायरीतून करंट येतोय, मोटर फिरतेय, स्विचचा निरोपही मॉड्युलपर्यंत पोचतोय. हे सगळं ठीक असताना मोटर थांबते, कारण मॉड्युल तिला थांबवतं. ते असं का करतं हे समजून घेतलं की मेमरी सीटचे बरेचसे बिघाड उलगडायला लागतात. न समजता सुटे भाग बदलत बसलं तर खिसा रिकामा होतो आणि सीट तिथेच राहते.

आधी साधी पॉवर सीट पाहू. तिच्यात बॅटरी, फ्यूज, स्विच आणि मोटर एवढंच असतं. मोटरला दोन जाड वायरी. स्विचला हात लावलेला नसताना या दोन्ही वायरी अर्थला, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्ह बाजूला, जोडलेल्या असतात. स्विच पुढे दाबला की एका वायरीवर १२ व्होल्ट येतात, दुसरी अर्थलाच राहते आणि मोटर एका दिशेने फिरते. मागे दाबला की वायरींची अदलाबदल होते, मोटर उलटी फिरते. मोटरचा सगळा करंट स्विचच्या पॉइंटांमधून जातो, त्यामुळे काही वर्षांनी पॉइंटांवर कार्बन धरतो, आणि स्विच साफ केला की बहुतेक वेळा काम भागतं.

मेमरी सीटमध्ये स्विचचं काम फक्त निरोप देण्याचं. "पुढे घे", "पाठ मागे टाक" एवढं तो बारीक वायरीवरून सांगतो. हा निरोप घेतं सीटखाली किंवा सीटच्या कुशनच्या चौकटीला लावलेलं मॉड्युल, आणि मोटरला करंट देतं तेही मॉड्युलच, आतल्या रिलेंमधून, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचांमधून. एका सीटला सहसा तीन-चार मोटरी असतात: पुढे-मागे सरकायला एक, पाठ टेकवायला एक, उंचीसाठी एक किंवा दोन. कमरेच्या आधाराचा पंप किंवा मोटर वेगळी. काही गाड्यांत बाहेरचे आरसे आणि स्टिअरिंगही याच मेमरीला बांधलेले असतात.

आता मुद्दा असा, की सीट कुठे आहे हे मॉड्युलला कसं कळतं? मोटरच्या शाफ्टवर एक छोटं गोल चुंबक असतं आणि त्याच्या शेजारी चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर. मोटर फिरली की चुंबकाचे ध्रुव आळीपाळीने सेन्सरसमोरून जातात आणि सेन्सरचं आउटपुट वर-खाली होतं. प्रत्येक वर-खाली म्हणजे एक पल्स. मॉड्युल पल्स मोजतं. लाइट गेलेले असताना जिना चढणारा माणूस मनात पायऱ्या मोजत जातो, तसाच हा प्रकार आहे. आकडा लक्षात असेल तर तो बरोबर मजल्यावर थांबतो. मध्येच कुणी हाक मारली आणि आकडा विसरला, तर खाली जाऊन पहिल्या पायरीपासून मोजावं लागतं. हॉल सेन्सरला सीट नेमकी कुठे आहे ते माहीत नसतं, किती सरकली एवढंच तो सांगतो. कुठे आहे याचा हिशेब मॉड्युलच्या डोक्यात.

सगळ्या गाड्या हॉल सेन्सरच वापरतात असं नाही. जुन्या गाड्यांत पोटेन्शिओमीटर असायचा, म्हणजे रेडिओच्या आवाजाच्या बटणात असतो तसला फिरता रोधक. त्याला ५ व्होल्ट दिलेले असतात आणि सीटच्या जागेप्रमाणे त्यातून कमीजास्त व्होल्टेज परत येतं, त्यामुळे बॅटरी काढली तरी जागा हरवत नाही. मात्र घासून घासून त्याची पट्टी एखाद्या ठिकाणी झिजते आणि नेमकं तिथे सीट गोंधळते. काही नव्या गाड्यांत तर वेगळा सेन्सरच नसतो. मोटरचे ब्रश (करंट आत नेणारे कार्बनचे तुकडे) शाफ्टवरच्या कम्युटेटरच्या एका तांब्याच्या पट्टीवरून दुसरीवर जाताना करंटमध्ये बारीक लाटा उठतात, मॉड्युल त्याच मोजतं. अशा सीटमध्ये झिजलेले ब्रशही मोजणी बिघडवतात.

सीटला जागा लक्षात ठेवायला लावायची कल्पना मात्र कॉम्प्युटरच्या काळातली नाही. १९५७ च्या फोर्ड थंडरबर्डला 'डायल-ओ-मॅटिक' नावाची सीट मिळायची. गाडी बंद केली की सीट मागे सरकायची, चालू केली की डायलवर ठरवलेल्या जागी परत यायची. आपल्याकडे ही चैन बराच काळ महागड्या परदेशी गाड्यांपुरती राहिली. २०२१ साली आलेली महिंद्रा एक्सयूव्ही ७००, २०२३ मध्ये नव्या रूपात आलेल्या टाटा हॅरिअर आणि सफारी, यांच्या वरच्या व्हेरिएंटमध्ये मेमरी सीट आली आणि हा विषय नाक्यावरच्या ऑटो इलेक्ट्रिशियनपर्यंत पोचला.

परत आपल्या टुकटुक करणाऱ्या सीटकडे. मॉड्युलने मोटरला करंट दिला आणि सेकंदाच्या काही भागात पल्स आल्याच नाहीत, तर मॉड्युल काय समजणार? सीट कशाला तरी अडली. मागे बसलेल्या माणसाचा गुडघा असेल, एखादी बॅग असेल, सीट ज्यावरून सरकते त्या रेलचं टोक आलं असेल. मग मोटर जळू नये आणि कुणाचा पाय चेंगरू नये म्हणून ते करंट तोडतं. सेन्सर मेला किंवा त्याची वायर तुटली, तर सीट प्रत्यक्षात मोकळी असूनही मॉड्युलच्या लेखी दरवेळी अडलेलीच असते. म्हणून बोटभर सरकते आणि थांबते. आणि ज्या सीटची जागाच कळत नाही तिला मेमरीने कुठे नेणार? ते बटण मॉड्युल सरळ नाकारतं. मोटरीत मात्र काहीही बिघडलेलं नसतं.

जे बिघाड नसतातच

सीटखाली हात घालण्याआधी थोडं थांबा. अशा तक्रारींमधल्या बऱ्याच तक्रारी बिघाडाच्या नसतात.

बऱ्याच गाड्यांत मेमरी चावीशी जोडलेली असते. नवऱ्याच्या खिशातली चावी बायकोने नेली की सीट नवऱ्याच्या जागेवर जाते, आणि "सीट आपोआप हलते" अशी तक्रार तयार होते. इंजिन बंद केल्यावर सीट मागे जाणं ही चढ-उतार सोपी व्हावी म्हणून दिलेली सोय आहे, ती सेटिंगमध्ये बंद करता येते. गाडी धावत असताना मेमरी बटण चालत नसेल तर ते बरोबरच आहे. चालत्या गाडीत ड्रायव्हरची सीट एकदम मागे गेली तर ब्रेक पायाखालून निसटेल. काही गाड्यांत दार उघडं असताना बटण एकदा दाबून सोडलं तरी चालतं, दार बंद असताना मात्र सीट जागेवर पोचेपर्यंत ते दाबून धरावं लागतं. हे सगळं गाडीच्या पुस्तकात असतं, पण ते पुस्तक ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीतून सहसा बाहेर येत नाही.

बॅटरी हा दुसरा संशयित. पूर्ण चार्ज झालेली चांगली बॅटरी गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी उतरली. बॅटरी उतरायला लागली की आजच्या गाड्या आधी चैनीच्या गोष्टी बंद करतात, त्यात सीट येते. शिवाय बॅटरी बदलली, काढून ठेवली किंवा स्टार्टर मारताना व्होल्टेज फार खाली गेलं, की मॉड्युलचा हिशेब पुसला जाऊ शकतो. त्यावर उपाय फुकटातला: सीटला तिची टोकं पुन्हा दाखवायची. प्रत्येक हालचाल एका टोकापर्यंत नेऊन तिथे स्विच काही सेकंद दाबून धरायचा, मग दुसऱ्या टोकापर्यंत तसंच. सीट टुकटुक करत असेल तर टुकटुक करतच न्यायची. नेमकी पद्धत आणि वेळ गाडीप्रमाणे बदलते, काही गाड्यांना हे काम स्कॅनरवरूनच, म्हणजे गाडीच्या मॉड्युलांशी बोलणाऱ्या यंत्रावरूनच, करावं लागतं. बॅटरी बदलल्यानंतर सुरू झालेली तक्रार असेल तर हे केल्याशिवाय पुढचं काहीही करू नका.

आणि हो, रेलमध्ये डोकावून बघा. टॉर्च मारल्यावर नाणी, पेन, पाण्याची बाटली, मुलांची खेळणी, छत्री यातलं काही ना काही हमखास सापडतं.

पिवळ्या कपलरला हात लावण्याआधी

इथे गंमत नाही. सीटखाली जे पिवळे कपलर, म्हणजे वायरी जोडणारे प्लग, दिसतात ते एअरबॅगचे आणि सीटबेल्टच्या प्रीटेन्शनरचे (धडकेत पट्टा घट्ट ओढणारा भाग). सीटच्या पाठीत बाजूची एअरबॅग असते, तिच्यात स्फोटक द्रव्य असतं. मीटर (मल्टिमीटर) ओहमवर, म्हणजे रोध मोजायला, ठेवून त्या वायरींना लावणं म्हणजे मीटरच्या बॅटरीतला करंट त्या स्फोटकाला देणं. एअरबॅग तोंडावर फुटू शकते. म्हणून पिवळ्या कपलरवर मीटर नाही, टेस्ट लॅम्प नाही, काही नाही. सीट काढायचीच असेल तर इग्निशन बंद, बॅटरीचा निगेटिव्ह काढायचा आणि कंपनीच्या पुस्तकात लिहिलेली वेळ जाऊ द्यायची, कारण एअरबॅगच्या मॉड्युलमधल्या कपॅसिटरमध्ये बॅटरी काढल्यावरही काही काळ चार्ज राहतो.

यातून आणखी एक गोष्ट निघते. सीट मोकळी करून, पिवळा कपलर लोंबकळत ठेवून इग्निशन चालू केलं, की डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो, आणि कपलर परत लावला तरी तो बऱ्याच गाड्यांत आपण होऊन विझत नाही. स्कॅनरने कोड पुसावा लागतो. करंट चालू ठेवून करायच्या सगळ्या चाचण्या सीट जागेवर, सगळे पिवळे कपलर लावलेले असतानाच उरका. अंग वाकवावं लागतं, पण इलाज नाही.

काय चालतं ते आधी लिहून काढा

बिघाड शोधताना काय बंद आहे यापेक्षा काय चालू आहे हे जास्त कामाचं असतं. गाडी शांत जागी उभी करा, एसी आणि म्युझिक बंद करा आणि एकेक स्विच दाबून ऐका.

सगळ्याच हालचाली मेल्या असतील तर चार मोटरी एकाच दिवशी जळल्या असं कुणी सांगितलं तरी विश्वास ठेवू नका. सगळ्यांना लागणारी एखादी गोष्ट तुटलेली असते: फ्यूज, मुख्य सप्लाय, अर्थ, किंवा मॉड्युलला जागं करणारी वायर. इथे एक खाचखळगा आहे. मेमरी सीटला बहुधा दोन सप्लाय असतात, मोटरींसाठी जाड, २५-३० अँपिअरच्या फ्यूजचा, आणि मॉड्युलच्या डोक्यासाठी बारीक, लहान फ्यूजचा. हे दोन फ्यूज कधीकधी वेगवेगळ्या बॉक्समध्ये असतात. एक पाहून "फ्यूज ठीक आहे" म्हणणारे भेटतात.

एकच हालचाल मेली आणि बाकीच्या चालतात, तर मुख्य सप्लाय आणि अर्थ यांच्यावरचा संशय पुष्कळ कमी झाला. आता त्या मोटरच्या वायरी, तिचा कपलर, स्विचमधलं तेवढंच बटण किंवा मॉड्युलमधला तेवढाच रिले. स्विच दाबल्यावर मॉड्युलमधून 'टिक' ऐकू आलं आणि मोटर गप्प राहिली, तर निरोप पोचला आणि रिले ओढला. पुढे वायर किंवा मोटर पाहायची. टिकही नाही, तर स्विच किंवा त्याची वायर. मोटरचा आवाज येतो पण सीट हलत नाही, तर मीटर बाजूला ठेवा. गिअर घासलाय, स्क्रूवरचा नट फुटलाय किंवा मोटरपासून रेलपर्यंत फिरणारी लवचिक केबल निसटलीय. तो फिटरचा विषय.

हाताच्या स्विचने सीट सगळीकडे सुरळीत फिरते आणि फक्त मेमरी चालत नाही, तर तीन शक्यता. दारातल्या मेमरी बटणाची वायर (दाराच्या बिजागरीपाशी रबरी नळीत रोज वाकून तुटते), एखाद्या मोटरचा सेन्सर, किंवा 'गाडी उभी आहे, गिअर पार्कमध्ये आहे' हा निरोप मॉड्युलला मिळत नाही. शेवटच्या शक्यतेत सीटचा काही दोष नाही, पण सीट उसवण्यात अख्खी दुपार जाते.

मीटर कसा फसवतो

आता या लेखातला सगळ्यात कामाचा भाग. मॉड्युलच्या सप्लाय पिनेवर मीटर लावला, १२.५ व्होल्ट दिसले, "करंट बरोबर येतोय" म्हणून इलेक्ट्रिशियनने मॉड्युलवर खापर फोडलं. चूक इथेच होते. डिजिटल मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. वायरीच्या वीस काड्यांपैकी एकोणीस तुटल्या असल्या तरी उरलेल्या एका काडीतून मीटरला पूर्ण १२.५ व्होल्ट दिसतात. मोटर १० अँपिअर मागते तेव्हा खरं काय ते कळतं.

हिशेब साधा आहे. एखाद्या सांध्यात ०.३ ओहमचा रोध तयार झाला. मीटर ओहमवर ठेवून एवढा रोध पकडणं कठीण, मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध तेवढा असतो. पण १० अँपिअर वाहायला लागले की तिथे ३ व्होल्ट खर्च होतात. मोटरला साडेबारा नाही, साडेनऊ मिळतात, आणि मॉड्युल त्याच वायरीवर असेल तर ते मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होतं. वर त्या एका सांध्यात ३० वॅटची उष्णता निघते. घरगुती सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. तपकिरी पडलेला, वितळून वाकलेला कपलर दिसला की समजायचं.

म्हणून मोजायचं ते मोटर चालू असताना, आणि कपलर न काढता, मागच्या बाजूने बारीक पिन सरकवून. मीटर व्होल्टवर. लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळं मॉड्युलच्या सप्लाय पिनेला. सोबत्याला स्विच दाबायला सांगा. जो आकडा दिसेल तेवढे व्होल्ट वाटेत गळतात. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालवून घेता येईल, दीड-दोन दिसले तर गळती सापडली. मग अर्थची बाजू: काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल मॉड्युलच्या अर्थ पिनेला. इथे ०.२ व्होल्टच्या आत हवं. अर्थची बाजू मोजायचं बहुतेक जण विसरतात आणि गडबड तिथेच असते, कार्पेटखाली गंजलेल्या एका बोल्टपाशी.

सीट इतकी मेलेली आहे की मोटर चालूच होत नाही? मग लोड आपण द्यायचा. हेडलाइटचा ५५ वॅटचा जुना बल्ब घ्या, दोन वायरी जोडा. हा बल्ब साडेचार अँपिअरच्या आसपास ओढतो. मॉड्युलचा जाड कपलर काढून त्याच्या सप्लाय आणि अर्थच्या पिनांमध्ये तो लावा. लख्ख पेटला तर वाट मोकळी. पिवळट, मिणमिणता पेटला तर वायरीत दोष, मीटर काही का सांगेना. हा बल्ब फक्त जाड सप्लायवर वापरायचा. सेन्सरच्या किंवा सिग्नलच्या बारीक वायरींना लावला तर मॉड्युल खरोखरच जाईल.

पिना तपासताना त्यांच्या तोंडात मीटरची जाड टोकं खुपसू नका. मादी पिनेच्या आत पितळेची बारीकशी जीभ असते, तीच नर पिनेला दाबून धरते. जाड टोक घातलं की ती फाकते आणि परत मिटत नाही. आधीच्या मेकॅनिकने असं तपासलेलं असेल तर कपलर बाहेरून चकचकीत दिसतो, 'टक' आवाज करून बसतो, आणि गाडी खड्ड्यातून गेली की सीट मेमरी विसरते. असा संशय असेल तर त्याच मापाची सुटी नर पिन घालून बघा. चांगल्या पिनेत ती घट्ट धरली जाते, फाकलेल्या पिनेत आपल्या वजनाने गळून पडते.

वायर तुटते कुठे

सीटची वायरिंग हा गाडीतला असा भाग, जो रोज सरकतो, वाकतो, घासतो. कार्पेटमधून वर येऊन ती सीटच्या चौकटीला बांधलेली असते, आणि सीट पुढे-मागे जाते तेव्हा मधला लोंबता भाग दुमडतो. तुटायचं ते तिथेच, आणि तेही आतल्या आत. बाहेरचं प्लास्टिक साबूत दिसतं. ओळखायची युक्ती अशी: एकेक वायर दोन बोटांत धरून हलके ओढत जायचं. तांबं शाबूत आहे तिथे वायर ताठ लागते. तुटलंय तिथे आवरण रबरासारखं ताणतं आणि बारीक होतं. हॉल सेन्सरच्या वायरी केसासारख्या बारीक असतात, म्हणून आधी त्याच जातात. टुकटुक करणाऱ्या सीटचं मूळ कितीतरी वेळा इथेच सापडतं.

सेन्सरची खात्री करायची तर मोटरच्या कपलरवर बघा. दोन जाड वायरी मोटरच्या, दोन किंवा तीन बारीक सेन्सरच्या. तीन वायरींचा सेन्सर असेल तर एकीवर सप्लाय, एक अर्थ, तिसरी सिग्नल. सप्लायच येत नसेल तर सेन्सरला बोल लावू नका. येत असेल तर सीट बोटभर सरकवताना सिग्नलची वायर बघा. मीटर हळू असतो, त्याला एकेक पल्स दिसत नाही; मोटर फिरत असताना त्याने अधलामधला आकडा दाखवला तर पल्स येतायत, एकाच टोकाला चिकटून राहिला तर नाहीत. हातात स्वस्तातला ऑसिलोस्कोप असेल तर चौकोनी लाटा डोळ्यांनी दिसतात. दोन वायरींचा सेन्सर व्होल्टेजमधून नाही तर करंटमधून बोलतो, तिथे साध्या मीटरने छातीठोक निर्णय देता येत नाही.

आणखी एक सोपी पद्धत म्हणजे अदलाबदल. उंचीच्या पुढच्या आणि मागच्या मोटरी पुष्कळ गाड्यांत एकाच जातीच्या असतात आणि कपलर एकमेकांना लागतात. पार्ट नंबर सारखा असेल तर कपलर बदलून बघा. आता पुढच्या उंचीचा स्विच दाबल्यावर मागची मोटर चालेल, ते अपेक्षितच. टुकटुक मोटरबरोबर गेली तर मोटर-सेन्सरचा जोड खराब, स्विचबरोबरच राहिली तर वायर किंवा मॉड्युल.

मोटरला थेट १२ व्होल्ट देऊन बघायचं असेल तर तिचा कपलर काढून, वाटेत १५ अँपिअरचा फ्यूज घालून, फक्त जाड पिनांना, क्षणभर. टोकाला गेली की लगेच सोडा. यामुळे आणखी एक अडचण सुटते: सीट पूर्ण पुढे अडकली असेल तर मागचे बोल्ट दिसतात, पुढचे झाकलेले राहतात, आणि मोटर फिरवल्याशिवाय सीट निघत नाही. चाचणी करताना मोटर मध्येच गप्प झाली तर घाबरू नका. बऱ्याच मोटरींच्या आत तापल्यावर करंट तोडणारा कटआउट असतो, थोडा वेळ गेला की तो परत जोडला जातो.

पाणी, उंदीर आणि सीट कव्हर

आपल्याकडच्या सीटचे शत्रू परदेशी मॅन्युअलमध्ये सापडत नाहीत. सनरूफच्या कोपऱ्यातून पाणी बाहेर नेणाऱ्या नळ्या पानं-मातीने तुंबल्या की पावसाचं पाणी खांबांमधून उतरून कार्पेटखाली साचतं. एसीची नळी तुंबली तर भर उन्हाळ्यातही तेच. वरून कार्पेट कोरडं लागतं, खालचा फोम मात्र आठवडेच्या आठवडे ओला असतो, आणि सीटचं मॉड्युल आणि कपलर बरोबर तिथे. कपलर उघडल्यावर पिनांवर हिरवट पूड दिसली की आधी पाण्याची वाट बंद करा, मग पिना. इंटिरिअर वॉशनंतर बंद पडलेल्या सीटही अशाच. फवाऱ्याचा पाइप सीटखाली फिरवला जातो.

जुनी गाडी घेताना तर सीटचे बोल्ट बघाच. २०१९ ला सांगली-कोल्हापूर, २०२१ ला चिपळूण, अशा पुरांत बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून बाजारात येऊ शकतात. वरचं लेदर चमकतं, पण रेलच्या आतला गंज आणि बोल्टच्या डोक्यावरचे पान्याचे वळ लपत नाहीत.

उंदरांबद्दल वेगळं सांगायला नको. सीट कव्हरवाल्यांबद्दल सांगायला हवं: कव्हर ताणून बसवताना खालचे हुक वायरिंगलाच अडकवलेले पाहायला मिळतात, आणि सीटखाली बसवलेल्या अँप्लिफायरला करंट सीटच्या वायरीला चिमटा मारून दिलेला असतो.

स्कॅनर आणि शेवटचा संशयित

मोबाइलला जोडायचं स्वस्त ओबीडी यंत्र बहुतेक इंजिनचे कोड वाचतं, सीटपर्यंत पोचत नाही. बॉडीची मॉड्युलं वाचणारा स्कॅनर मिळाला तर काहीही उसवण्याआधी त्याचा लाइव्ह डेटा बघा. स्विच दाबल्यावर स्विचची नोंद बदलते का? सीट सरकताना जागेचा आकडा बदलतो का? पहिली बदलते आणि दुसरा गोठलेला, तर सेन्सरच्या बाजूला जा. दोन्ही गोठलेले, तर स्विचच्या. 'सीट अडली' अशा अर्थाचा कोड आला म्हणून सीट अडलेलीच असेल असं नाही. मॉड्युलला तसं वाटलं एवढाच त्याचा अर्थ. स्कॅनरला सीटचं मॉड्युल दिसतच नसेल तर त्याचा सप्लाय, अर्थ आणि नेटवर्कच्या वायरी तपासायच्या.

सप्लाय आणि अर्थ लोडवर ठीक, स्विचचा निरोप पोचतोय, सेन्सरच्या पल्स मॉड्युलच्या पिनेपर्यंत येतायत, मोटर थेट करंटवर चालते, आणि तरीही सीट हलत नाही, तेव्हा मॉड्युलला दोषी ठरवा. त्यातही आधी कार इलेक्ट्रॉनिक्सवाल्याकडून उघडून घ्या. चिकटलेला रिले किंवा सुटलेलं सोल्डर दुरुस्त होतं. दुसऱ्या गाडीचं जुनं मॉड्युल घेणार असाल तर ते तुमच्या गाडीला कोडिंग करून (गाडीशी जुळवून) देणार कोण, हे पैसे देण्याआधी विचारा.

वायर जोडताना नुसती पिळून टेप गुंडाळू नका. सोल्डर केलेला सांधाही वाकत्या जागी पुन्हा तुटतो, म्हणून सांधा लोंबत्या भागापासून दूर, स्थिर जागी घ्या आणि वाकणाऱ्या भागात नवी लवचिक वायर टाका. झिपटाय आवळण्याआधी सीट पूर्ण पुढे, पूर्ण मागे, पूर्ण वर नेऊन खालून टॉर्चने बघा. कुठल्याही टोकाला वायर ताणली जात नसेल तरच टाय आवळा. मग सीटला टोकं पुन्हा शिकवा, एअरबॅगचा दिवा विझलाय ना ते बघा, आणि १ आणि २ नंबरवर जागा नव्याने सेव्ह करा.